विजेच्या सायकलीचा तुंबा



या मेजावर जुन्या फडक्यात जी वस्तू ठेवली आहे, तिच्याविषयी मी आज बोलणार आहे. जर्मनीहून परत येताना ती माझ्या सामानात होती आणि विमानतळावरील अधिकाऱ्याने ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. हे काय आहे, असे त्याने विचारले, तेव्हा "सायकलचे गिअर" असे मी सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. सायकलचे गिअर म्हणजे मागच्या चाकाला लटकलेल्या, एकावर एक रचलेल्या दातेरी चकत्या, अशी त्याची समजूत होती. आणि आपल्यापैकी अनेकांची तीच असेल. ही वस्तू मात्र चाकाच्या तुंब्याच्या पोटात बसते, आणि बाहेरून तिचा मागमूसही लागत नाही. तुंबा हा आपला बैलगाडीच्या चाकाचा जुना शब्द. सायकलवाले त्यालाच हब म्हणतात. मीही पुढे हबच म्हणेन.

काही वर्षे मी व्युर्त्सबुर्ग या गावी होतो. माइन नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले हे गाव, आणि काठ सोडला की लगेच चढ. द्राक्षांचे मळे त्याच उतारांवर आहेत. विद्यापीठाचा मोठा भाग गावाच्या पूर्वेकडील टेकडीवर आहे आणि त्या टेकडीचे नाव हुब्लांड असे आहे. आपल्या हबशी त्या नावाचा काही संबंध नाही, पण माझा हब तेथेच मोडला हे खरे. रोज तो चढ चढण्यासाठी मी एक जुनी विजेची सायकल विकत घेतली होती. २०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, एका पावसाळी सकाळी, दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना पायाखाली काडकन आवाज झाला. पेडल एकदम रिकामे पुढे गेले आणि माझा गुडघा हँडलवर आदळला. पुन्हा जोर दिला, पुन्हा तेच झाले. मागून बस येत होती. मी सायकल ओढत फुटपाथवर घेतली.

गिअर घसरणे हा केवळ त्रासाचा भाग नव्हे, हे त्या दिवशी मला कळले. सायकलस्वार पेडलवर उभा राहून सगळे वजन टाकतो ते पायाखाली विरोध आहे या भरवशावर. तो विरोध अचानक नाहीसा झाला तर माणूस पुढे फेकला जातो. जुन्या इंग्रजी तीन गिअरांच्या हबांतही हा दोष होता. केबल नीट ताणलेली नसली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये अशी एक जागा येई, की जेथे पेडल नुसतेच फिरे.

आता हे यंत्र आतून कसे चालते ते थोडक्यात पाहू. कारण त्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. उदाहरणासाठी सर्वांत साधा हब घेऊ. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ साली बाजारात आणलेला, एडब्ल्यू या नावाचा हा तीन गिअरांचा हब. त्याच्या मध्यभागी, आसाला पक्के केलेले, वीस दात्यांचे एक चक्र असते. ते फिरत नाही. त्याला सूर्यचक्र म्हणतात. त्याच्याभोवती, त्याच्याशी दाते जुळवून, प्रत्येकी वीस दात्यांची लहान चक्रे फिरतात, ही ग्रहचक्रे. ती एका पिंजऱ्यात बसवलेली असतात. आणि या सर्वांना बाहेरून वेढणारे, आतल्या अंगाला साठ दाते असलेले एक कडे असते. सूर्य स्थिर आणि ग्रह त्याच्याभोवती, ही रचना पाहून कोपर्निकसाला समाधान वाटले असते.

आता पिंजरा एक फेरा फिरवला, तर कडे एक फेरा आणि वर विसाला साठाने भागून येणारा तिसरा हिस्सा, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश फेरे फिरते. साखळीचा जोर पिंजऱ्याला दिला आणि चाक कड्याला जोडले की हा वेगाचा गिअर झाला. याच्या उलट केले, जोर कड्याला दिला आणि चाक पिंजऱ्याला जोडले, की चाक पाऊण फेराच फिरते. हा चढावाचा गिअर. आणि जोर सरळ चाकाला पोचवला की मधला. एवढ्या मोजक्या चक्रांतून पाऊण, एक आणि सव्वापेक्षा थोडी जास्त अशी तीन प्रमाणे मिळतात. ही युक्ती जिची, त्या त्रिगती हबाचे पेटंट १९०२ सालचे. त्याला स्टर्मी आणि आर्चर यांची नावे मिळाली. परंतु मूळ कल्पक विल्यम रायली हा होता. दुसऱ्या कंपनीशी झालेल्या कराराने त्याचे हात बांधलेले होते, म्हणून त्याचे नाव मागे राहिले. यंत्रांच्या इतिहासात असे रायली पुष्कळ सापडतात.

माझ्या सायकलीत आठ गिअरांचा हब होता. त्यात सूर्यचक्रे एकाहून अधिक असतात आणि ती आसावर सैल असतात. कोणत्या वेळी कोणते सूर्यचक्र जागच्या जागी रोखायचे हे लहान लहान खिट्या ठरवतात. खिटी म्हणजे बोटाच्या नखाएवढा पोलादाचा तुकडा. तो उभा राहिला की चक्र अडते, आडवा पडला की सुटते. फ्रीव्हीलमध्ये कट-कट आवाज करणारे जे असते आणि ज्याला आपल्याकडील कारागीर कुत्रे म्हणतात, तेच हे. हँडलवरील मूठ फिरवली म्हणजे आपण या खिट्या उभ्या-आडव्या करतो. सायकलस्वाराचे आणि मोटरचे सारे बळ शेवटी अशा एकदोन खिट्यांच्या धारेवर पेललेले असते.

येथे मोटरचा प्रश्न येतो. विजेच्या सायकली तीन प्रकारच्या असतात. मोटर पुढच्या चाकात असली तर तिचे बळ मागच्या हबात जातच नाही. हब पूर्वीप्रमाणे फक्त पायांचे ओझे वाहतो. मोटर मागच्या चाकात असली, आणि आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बहुतेक विजेच्या सायकलींत ती तेथेच असते, तर अशा हबाला बहुधा जागाच उरत नाही. परंतु मोटर मध्ये, पेडलच्या आसापाशी बसवली, तर पाय आणि मोटर दोघांचेही बळ त्याच साखळीतून त्याच हबात शिरते. जर्मनीत चांगल्या समजल्या जाणाऱ्या सायकली या तिसऱ्या प्रकारच्या असतात. तेथील कायद्याप्रमाणे मोटर २५० वॅटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असली तर तिला सायकलच समजतात. परवाना लागत नाही. २५० वॅट ऐकून वाटते की हे काय मोठे. पण हबाला वॅटशी कर्तव्य नसते. त्याला कर्तव्य असते ते पिळाशी, ज्याला शास्त्रात बल-आघूर्ण म्हणतात.

आकडे घेऊन पाहू. ७० किलो वजनाचा माणूस १७० मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर पूर्ण वजन टाकून उभा राहिला, तर सुमारे ११७ न्यूटन-मीटर पीळ निर्माण होतो. हा पीळ क्षणभरच टिकतो. पेडल खाली गेले की ओसरतो. मधल्या मोटरींचा पीळ साधारणतः ४० ते ८५ न्यूटन-मीटर असतो. माझ्या सायकलीची मोटर ६० ची होती. म्हणजे दोन्ही मिळून १७७. शिवाय मोटर पायासारखी दम घेत घेत ढकलत नाही, ती फेराभर ढकलते. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, आपण पाय थांबवला तरी ती क्षणाचा एक अंश ढकलतच राहते. जुन्या सायकलीवर गिअर बदलताना पाय आपोआप ढिला पडे आणि ओझे उतरलेली खिटी विनासायास सुटे. मोटरच्या सायकलीवर पाय ढिला पडतो, पण खिटीवरचे ओझे अजून उतरलेले नसते. ती अर्धवट सुटते, अर्धवट अडते आणि तिची धार झिजते. काही नव्या सायकलींत गिअर बदलताच मोटर निमिषभर मागे घेण्याची सोय असते. माझ्या सायकलीत ती नव्हती.

दुकानात काय झाले ते सांगतो. दुकानदार वृद्ध आणि सरळ मनुष्य होता. त्याने चाक हातावर घेऊन फिरवले, कान लावला आणि म्हणाला, "याची दुरुस्ती कोणी करत नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. या हबांची आतली एक खिटी किंवा एक चक्र सुटे मिळणे कठीण असते. मिळते ते आतले संपूर्ण यंत्र, एक नग म्हणून. त्याने मला तीन मार्ग सांगितले. पहिला, तयार नवे चाक. दुसरा, दुसऱ्याच जातीचा हब घेऊन माझ्याच रिमवर बसवणे. पण त्यासाठी ३६ स्पोक उसवून पुन्हा विणावे लागतात, आणि नव्या तुंब्याची कड लहानमोठी असली तर जुने स्पोक लांबीला जमत नाहीत. तिसरा मार्ग असा की, तुंब्याचे कवच, स्पोक आणि रिम जसेच्या तसे ठेवून फक्त पोटातले यंत्र बदलायचे. किंमत दीडशे युरोंच्या आसपास. काम तो करून देईल. पण त्याच्यासमोर सायकलींची रांग होती. मी विचारले, काम मी केले तर चालेल काय? त्याने माझ्या हातांकडे पाहिले आणि यंत्र मागवून दिले.

दुसऱ्या मार्गाचा मला मोह झाला होता हे कबूल केले पाहिजे. केवळ मोटरच्या सायकलींसाठी म्हणून मजबूत बांधणीचा पाच गिअरांचा हब २०१९ साली बाजारात आला होता. गिअर कमी, पण प्रत्येक चक्र जाड. कासेल शहराजवळ बनणारा रोलॉफचा चौदा गिअरांचा हबही होता, जो १९९८ पासून आहे आणि तेलात बुडालेला चालतो. तो मात्र माझ्या सबंध सायकलीहून महाग पडला असता. आणि हब बदलला की मूठ बदलते, केबल बदलते, कधी ब्रेकही बदलतो. एक धागा ओढावा आणि सगळे वस्त्र उसवावे तसे होते. मी तिसरा मार्ग धरला.

काम एका शनिवारी, घरमालकाच्या तळघरात केले. प्रथम बॅटरी काढून बाजूला ठेवली. हे सांगण्याचे कारण, चाक हातात असताना चुकून मोटर फिरली तर बोट साखळीत जाते. विजेची सायकल उलटी करू नये, तिच्या हँडलवर दर्शक असतो. मी ती छताच्या आकड्याला दोरीने टांगली. पंचवीस किलोचे धूड टांगताना घरमालकाने मदत केली आणि नंतर तो खुर्ची घेऊन बघतच बसला. मूठ पहिल्या गिअरवर आणली म्हणजे केबल ढिली पडते, ती सोडवली. ब्रेकचा दांडा सायकलीच्या नळीला पट्टीने बांधलेला असतो, तो सोडवला. मग पंधराच्या पान्याने आसाचे नट.

येथे एक लहानशी, पण महत्त्वाची वस्तू येते. आसाच्या दोन्ही टोकांना सपाट बाजू असतात आणि त्यांवर बसणारे खास वॉशर सायकलीच्या खाचेत अडकतात, जेणेकरून आस स्वतः फिरू नये. हबाच्या आतले सगळे गणित आस स्थिर असण्यावर उभे आहे. हे वॉशर डावे-उजवे निराळे असतात आणि खाचेच्या कोनाप्रमाणे निराळे असतात. ओळखता यावेत म्हणून त्यांना रंग दिलेले असतात. मी ते काढलेल्या क्रमाने एका तारेत ओवून ठेवले. हीच सवय मला आपल्याकडील एका सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी लहानपणी लावली होती.

मागच्या दातेरी चक्राला धरून ठेवणारी तारेची कडी पेचकसाने उचकटताना उडाली आणि कोळशाच्या जुन्या पेटीमागे गेली. ती शोधण्यात पाऊण तास गेला. नंतर डाव्या बाजूचा ब्रेक, लॉकनट आणि कोन काढले, आणि आस हलकेच उजवीकडे ठोकताच आतले यंत्र अखंड बाहेर आले. तेच हे.

आणि ते बाहेर आल्यावर मला खरी गोष्ट दिसली. ग्रीज पिवळसर असायला हवे, ते तपकिरी चिखल झाले होते. हिवाळ्यात तेथील रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाणी आत शिरले होते. अशा हबाचे यंत्र दर दोन वर्षांनी किंवा पाच हजार किलोमीटरनंतर बाहेर काढून तेलात बुडवावे, अशी सूचना असते. मोटरच्या दर्शकावर नऊ हजारांवर आकडा होता आणि आतले लॉकनट कोणी कधी सोडवल्याची खूण नव्हती. खिट्यांच्या धारा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या.

परंतु मला अधिक बोलके वाटले ते दातेरी चक्र. त्यावर २२ दाते होते. पुढच्या चक्रावर ३८. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले तर आकडा १.७३ येतो. आठ गिअरांच्या हबांना हे प्रमाण साधारण दोनच्या खाली नेऊ नये असे निर्माते सुचवतात. का, ते आता उघड होईल. हबात शिरणारा पीळ म्हणजे पेडलवरचा पीळ, गुणिले मागचे दाते, भागिले पुढचे दाते. आपला १७७ चा पीळ २२ दात्यांनी हबात १०२ होऊन शिरतो. १९ दात्यांनी तोच ८८. केवळ पायांचा, १९ दात्यांनी, ५८. आधीच्या मालकाने चढ सोपा जावा म्हणून मागे मोठे चक्र बसवले होते. त्यात त्याचे काही चुकले असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. सायकल खरोखरच सोपी चढत असणार. चढाची किंमत पाय देत नव्हते आणि मोटर देत नव्हती, ती खिट्या देत होत्या.

तेव्हा नवे यंत्र तसेच बसवून मी मोकळा झालो असतो, तर तेही त्याच टेकडीवर मोडले असते. मी १९ दात्यांचे चक्र आणले. त्यासाठी साखळीही थोडी तोडावी लागली. सायकलीचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. १९ दात्यांवर सरळ गिअरमध्ये, जो या हबात पाचवा आहे, पेडलच्या एका फेऱ्याला सायकल ४.४ मीटर जाते. पहिल्या गिअरचे प्रमाण ०.५२७, म्हणून तेथे २.३ मीटर, आठव्याचे १.६१५, म्हणून ७.१ मीटर. २२ दात्यांवर पहिला गिअर दोनच मीटरांचा होता. म्हणजे चढ पूर्वीपेक्षा पायांना जड जाणार, हे मी पत्करले. उलट बाजूने एक सोय झाली. मिनिटाला साठ फेरे मारले की आठव्या गिअरमध्ये ताशी २५ किलोमीटरांच्या किंचित वर वेग येतो, म्हणजे मोटरची मदत संपते नेमक्या त्याच जागी गिअरही संपतात.

बसवण्यापूर्वी रिकाम्या कवचात बॅटरीने उजेड पाडून पाहिले. कवचाच्या आतही दाते असतात, ज्यांत यंत्राच्या बाहेरच्या खिट्या अडतात. ते झिजलेले असतील तर नव्या यंत्राचा उपयोग नाही. सुदैवाने ते धारदार होते. कवच पुसले, नवे ग्रीज भरले, यंत्र आत सरकवले, कोन आवळला. कोन आवळण्याची कला शब्दांत सांगणे कठीण. चाक डगडगू नये आणि अडूही नये, यांमधल्या पाव फेऱ्यात मी अर्धा तास घालवला. शेवटी केबल. मूठ चौथ्या गिअरवर आणली की हबाच्या सांध्यावरील दोन रंगीत खुणा एका रेषेत यायला हव्यात. त्या केसभर चुकल्या तरी खिटी अर्धवट बसते आणि झिजणे पहिल्या दिवसापासून सुरू होते. आठपर्यंत जाऊन परत चौथ्यावर येऊन पाहिले, पुन्हा पहिल्यापर्यंत जाऊन पाहिले. घरमालक म्हणाला, आता पुरे.

व्युर्त्सबुर्गपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर श्वाइनफुर्ट हे गाव आहे. तेथे १८८३ साली फ्रीडरिश फिशर याने पोलादी छर्रे अचूक गोल घासण्याचे यंत्र बनवले, आणि तेथेच १८९५ साली फिख्टेल आणि झाक्स यांची कंपनी निघाली. त्याच वर्षी इकडे रॉंटगेनला क्ष-किरण सापडले. १९०३ साली या कंपनीने टॉर्पेडो नावाचा हब काढला, ज्यात फ्रीव्हील आणि ब्रेक एकत्र होते, आणि पुढे त्यात गिअरही आले. कित्येक दशके जर्मन सायकलींच्या मागच्या चाकात हे नाव होते. १९९७ साली हा सायकलविभाग एका अमेरिकी कंपनीने घेतला, आणि २०१७ साली तिने अंतर्गत गिअरांचे हब बनवणे बंद केले. माझ्या दुकानदाराच्या मागच्या खोलीत अशी चार चाके भिंतीला टांगलेली होती. कवचे उत्तम, रिम उत्तम, आतला एखादाच भाग गेलेला. आणि तो भाग आता बनत नाही. उलट १९५० च्या सुमाराचा इंग्रजी तीन गिअरांचा हब, ज्याच्या कवचावर बनल्याचे साल ठोकलेले असते, तो आजही उघडून सुट्या भागांनी जुळवता येतो, कारण त्याची रचना फारशी बदलली नाही आणि भागही मिळतात. अधिक गिअर म्हणजे अधिक प्रगती, असे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो. त्या मागच्या खोलीत मला ते शिकवणे आठवले.

त्यानंतर दोन हिवाळे मी त्या चढावर सायकल चालवली. गिअर बदलण्याआधी पाय थांबवून मनात "एक" म्हणायचे, मोटर थांबू द्यायची आणि मगच मूठ फिरवायची, एवढी सवय लागायला आठवडा लागला. पाण्याच्या झोताने चाक धुणे बंद केले. येण्यापूर्वी यंत्र एकदा बाहेर काढून तेलात बुडवले, तेव्हा ग्रीज पिवळे होते. सायकल आता त्याच विद्यापीठातील एक विद्यार्थिनी वापरते. मुठीवर मी "एक" असे जर्मनमध्ये लिहिलेली चिठ्ठी चिकटवून दिली आहे.

आता ज्यांना इच्छा असेल त्यांनी पुढे यावे. जुने यंत्र हातात घेऊन उजवीकडचे टोक फिरवून पाहा. तिसऱ्या फेऱ्याच्या आसपास ते घसरते, ते बोटांना कळेल. मेजाच्या कोपऱ्यावर फडके ठेवले आहे. हात काळे होतील.